कोशर पाहुणा लातुरात

समजा, ठाण्याचे एक बेने इस्रायली स्नेही लातूरला आपल्याकडे जेवायला येणार आहेत. बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज पूर्वी कोकणात तेलाचे घाणे चालवायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आपण म्हणाल, सोपं आहे, शाकाहारी बेत करू. पहिली गफलत इथेच होते, कारण पाहुण्यांना अन्न कोशर लागतं, नुसतं शाकाहारी नाही.

कोशर म्हणजे ज्यू धर्मशास्त्रानुसार खाण्यास योग्य. रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, मंत्र म्हटला की अन्न कोशर होतं, ही समजूत चुकीची आहे.

आधी प्राणी पाहू. खूर दुभंगलेला हवा आणि रवंथही हवा. बकरा, मेंढी चालते. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करत नाही. माशाला पर आणि खवले हवेत. रोहू, कटला चालतो. मागूर, कोळंबी, खेकडा नाही.

मग कापण्याची रीत. हलाल आणि झटका या दोन्ही रीती आपल्याकडे ठाऊक असतात. कोशर पद्धत हलालच्या जवळची, पण कापणारा प्रशिक्षित ज्यूच लागतो आणि सुरीच्या धारेला बारीकशी खाचही चालत नाही. रक्त वर्ज्य असल्याने मांस अर्धा तास पाण्यात, तासभर खड्याच्या मिठात ठेवून तीनदा धुतात. काळीज तर थेट विस्तवावरच भाजावं लागतं. तेव्हा बाजारातलं मटण आणून हे घरी जमवायच्या फंदात आपण पडू नये.

मांस आणि दूध एकत्र चालत नाही. त्यांची भांडीही वेगळी. म्हणून बेने इस्रायली मटणाला दही न लावता नारळाचं दूध घालतात.

धान्य, डाळी, भाज्या, फळं, अंडी हा तिसरा गट, ‘पारेव्ह’, म्हणजे ना मांसाचा ना दुधाचा. लातूरची तूरडाळ यातच येते. पण वरणावर तूप घातलं की ते दुधाच्या गटात गेलं. फोडणी तेलाचीच द्या.

खरी कसोटी निवडण्यात आहे. किडा वर्ज्य, अगदी डाळीतला भुंगेरासुद्धा. मेथी, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून पान न् पान उजेडात पाहा. अंडं आधी वाटीत फोडा; रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्या. आपल्या आजीची सुपातली नजर इथे कामाला येते.

शेवटी भांडं. गरम अन्नाचा अंश भांड्यात मुरतो, असं ज्यू धर्मशास्त्र मानतं. स्टीलचं भांडं ठरलेल्या रीतीने उकळत्या पाण्यातून काढून शुद्ध करता येतं, मातीचं नाही. सगळे पाहुणे सारखेच काटेकोर नसतात, म्हणून आधी फोनवर विचारून घ्या. पाकिटावर वर्तुळातलं इंग्रजी ‘यू’ दिसलं, तर ते कोशर प्रमाणपत्राचं एक चिन्ह आहे. आपला शाकाहाराचा हिरवा ठिपका त्याची जागा घेत नाही. शाकाहारी पदार्थातही किडा राहू शकतो.

गोडाला त्यांचाच मलिदा करा. दर्ग्यात मिळतो तो पोळीचा. हा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचा नवस फेडताना तो ताटात फळांसह मांडतात. तूप लागत नाही, दूधही नाही. पोहे तेवढे निवडून घ्या.