फ्रिजच्या भिंतीतील भोक

पिंपातील बिअर घरच्या फ्रिजमध्ये गार ठेवून तोटीने पेल्यात घेण्याची हौस काही घरांतून आढळते. पिंपातून बिअर वर चढविण्यास कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब लागतो. या वायूचा सिलिंडर बाहेर ठेवावयाचा, तर त्याची नळी आत नेण्यासाठी भिंतीस भोक पाडणे आले. नळी ओवली, भोवती चिंधी कोंबली, की काम संपले असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः भोक बुजविण्यापूर्वी त्यातून काय जाऊ पाहत आहे, हे ओळखणे अगत्याचे असते.

मुळात भोक पाडणेच जोखमीचे. पुष्कळ फ्रिजमध्ये बाजूच्या पत्र्याआड शीतक वायूच्या नळ्या असतात, आणि अलीकडच्या अनेक फ्रिजमधील आयसोब्यूटेन हा वायू ज्वालाग्राही आहे. नळ्यांची जागा निश्चित कळल्यावाचून गिरमिट लावू नये.

नळीभोवतीच्या फटीतून आत शिरते ती बाहेरची हवा. हिंगोलीकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तथापि या फटीची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ३० अंशांवरील हवा दर घनमीटरास सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, ४ अंशांवरील हवा जेमतेम ६ ग्रॅम. उरलेल्या वाफेचे पाणी होऊन ते भिंतीच्या पोटातील उष्णतारोधक थरात मुरते. ओला थर उष्णता नीट अडवीत नाही, आणि यंत्र विनाकारण चालत राहते. म्हणून भोकात रबरी कडे बसवून त्यातून नळी न्यावी, म्हणजे पत्र्याची धार तिला कापणार नाही. मग सिलिकॉनचा लेप द्यावा, तो बाहेरच्या अंगास विशेष काळजीने.

नळीच्या सांध्यांची गोष्ट निराळी. तेथे वायू दाबाने बाहेर पडू पाहतो. वरून दिलेला लेप त्यापुढे टिकत नाही. योग्य वॉशर आणि घट्ट क्लॅम्पच हवा. सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात की काय, ते पाहावे. हा वायू हवेच्या दीडपट जड आणि गंधहीन असल्याने बंद खोलीत नकळत साचून प्राणघातक ठरू शकतो.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्याच्या २,६०० कोटी रुपयांच्या योजनेस २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील नळ्यांत वातावरणाच्या सुमारे एक लक्ष कोटीव्या भागाइतकाच दाब राखावयाचा आहे. तेथे सर्व बाजूंनी बाहेरची हवाच आत घुसू पाहणार. इतक्या निर्वात नळ्यांतील सूक्ष्म गळती शोधण्यास हेलियम वायू वापरतात. घरातील सांध्यास साबणाचा फेस पुरतो. मात्र सिलिंडर बदलला, की ती परीक्षा प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी.