वेचणीच्या दिवसांतील तान्हे मूल

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाजवळ वसलेल्या हिंगणीच्या परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की मजुरी करणाऱ्या बायांचा दिवस शेतातच जातो. अशा वेळी शाळकरी मुलाची सोय लावणे आणि तान्ह्याची सोय लावणे या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरतात. शाळकरी मूल आपल्या हाताने जेवते, पोट दुखले तर सांगते आणि दिवसाचा मोठा भाग शिक्षकांच्या नजरेखाली असते. त्याला घरच्यांकडून अभ्यासाची विचारपूस, पुरेशी झोप आणि मनातले बोलायला माणूस हवे असते.

तान्ह्याला मात्र दिवसभर एक ओळखीचे माणूस लागते. पहिले सहा महिने त्याला केवळ आईचे दूध द्यायचे असते. पुढे दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू झाले, तरी पोट लहान असल्याने एकदाच भरपूर भरवून भागत नाही, मऊ वरणभात समोर बसून थोडाथोडा, पुन्हा पुन्हा भरवावा लागतो. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ याच वयात होत असते आणि तिला प्रतिसादी संगोपनाचे, म्हणजे मुलाचे रडणे, हुंकार व नजर ओळखून तत्काळ साद देण्याचे, खतपाणी लागते. शिवाय रांगणारे मूल हाती येईल ते तोंडात घालते, आणि कापूस पिकवणाऱ्या घरात फवारणीच्या औषधाची बाटलीही असू शकते.

वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते. कमरेच्या ओटीत कापूस भरणारी आई बांधावरच्या झोळीतील मुलाला पाजण्यासाठी थांबली, की तिची तेवढी मजुरी बुडते; त्यामुळे पुष्कळदा मुलाला घरी ठेवून मोठ्या बहिणीला शाळेतून थांबवले जाते. एका मुलाची गरज भागवताना दुसऱ्या मुलाचा हक्क असा हिरावला जातो, आणि स्वतःच सांभाळ हवा असलेल्या मुलीवर सांभाळाचा भार पडतो.

शाळेआधीच्या मुलांच्या सांभाळाचा विचार वर्ध्याला नवा नाही. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा पुढे आला. पण 1945 साली सेवाग्रामात गांधीजींनी या शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, कक्षा थेट गर्भापासून मरणापर्यंत वाढवली आणि तेथे पूर्वबुनियादी, म्हणजे शाळेपूर्वीच्या, शिक्षणाचे प्रयोगही झाले. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी दिली खरी, परंतु तिथे तीन ते सहा वर्षांची मुले काही तास बसतात; सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी मुख्यतः घरी नेण्याचा आहार मिळतो. पाकीट घरी येते, भरवणारे माणूस शेतात असते. आशा स्वयंसेविकांच्या घरभेटींनी नवजात बाळाला मोठा आधार मिळाला आहे, मात्र भेट म्हणजे दिवसभराचा सांभाळ नव्हे.

अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आहे. तिच्यासाठी ग्रामसभेने वेचणीच्या आधीच मागणी लावून धरावी, पाळणाघराची वेळ शेतमजुरीच्या वेळेशी जुळवून घ्यावी आणि तिथे सांभाळणाऱ्या बाईला योग्य मोबदला मिळेल हे पाहावे.