बीएस्सी आयटीला मुंबईला पाठवताय? आधी कॉलेजला हे चार प्रश्न विचारा

मुंबई उपनगर : बारावी झाली की गावाकडची बरीच मुलं बीएस्सी आयटीसाठी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडची वाट धरतात. फी, खोलीभाडं, मेस, लोकलचा पास, सगळा खर्च घरच्यांवर. तीन वर्षांनी डिग्री हातात येते, पण मुलाखतीत मुलगा अडतो. असं का होतं?

गावची दूध डेअरी घ्या. दुधाचं माप, फॅट, दर, दहा दिवसांचं बिल हे सगळं संगणकात असतं. यालाच माहिती प्रणाली म्हणतात. ती करणाऱ्याला कोडिंग तर हवंच, पण शेतकऱ्याचं बिल कुठे चुकतं हे विचारून समजून घेता आलं पाहिजे. हे पुस्तकातून येत नाही, कामातून येतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची आहे. त्यात ऑन जॉब ट्रेनिंगला ४ क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. हेच तास नुसत्या सहीवर गेले किंवा प्रोजेक्ट तयार विकत आणला, तर पोरगं कोरंच राहतं.

म्हणून प्रवेशाआधी विचारा :

१) ट्रेनिंग कुठे होतं? मागच्या वर्षी मुलं कोणत्या कंपन्यांत गेली?

२) प्रोजेक्ट खऱ्या ग्राहकासाठी असतो की फक्त मार्कांसाठी?

३) कॉलेज स्वायत्त आहे का? घाटकोपरचं झुनझुनवाला, मुलुंडचं वझे-केळकर ही कॉलेजं स्वायत्त आहेत. अशी कॉलेजं अभ्यासक्रम स्वतः बदलू शकतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला, तेही विचारा.

४) इंग्रजीत बोलण्याचा, गटात काम करण्याचा सराव घेतात का? मराठी माध्यमाची मुलं इथेच मागे पडतात, हुशारीत नाही.

पदवीनंतर लगेच नोकरी नाही लागली तर केंद्र सरकारची ‘नॅट्स’ ही शिकाऊ उमेदवार योजना आहे. नोंदणी ऑनलाइन होते. कंपनीत काम शिकता येतं, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्रही. पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत सायनला आहे.

आणि मुलगा सुट्टीत गावी आला की त्याला डेअरीत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत नेऊन बसवा. तिथली एक अडचण त्याने संगणकावर सोडवली, तर मुलाखतीत सांगायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.