नवं ग्राफिक्स कार्ड, 'क्रिटा' आणि आमचं मुखपृष्ठ

गणेशोत्सवाचा हिशेब लागला, थोडी शिल्लक उरली आणि मंडळाच्या कचेरीतल्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरलं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, पत्रिका, रांगोळी स्पर्धेचा फ्लेक्स हे सगळं आपण घरच्या घरीच करतो, आणि संगणक रडतकढत चालायचा. तेव्हापासून भेटेल तो सभासद विचारतो, "फरक पडला का हो? नातवासाठी घ्यावं का?" म्हणून हा लेख.

सुरुवात फजितीने करतो. कार्ड बसवल्यावर पहिले आठ दिवस आम्ही सगळ्यांना सांगत होतो की रंग किती उजळ दिसतात, ब्रश कसा लोण्यासारखा फिरतो. नवव्या दिवशी एका सभासदाची कॉलेजात जाणारी नात आली, कॅबिनेटच्या मागे वाकली आणि म्हणाली, "आजोबा, मॉनिटरची केबल तर जुन्याच जागी आहे." खरंच होतं. केबल मदरबोर्डच्या पोर्टात होती. कार्ड आत नुसतं बसून होतं आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो! तुम्ही कार्ड घेतलंत तर आधी हे बघा: केबल कार्डाच्या स्वतःच्या पोर्टात जायला हवी. आणि रंग उजळ दिसणं हे बव्हंशी मॉनिटरचं काम आहे, कार्डाचं नव्हे.

केबल बदलल्यावर जो फरक दिसला, तो खरा. आम्ही चित्रासाठी 'क्रिटा' वापरतो. ते मोफत आहे, आणि नाव संस्कृत वाटलं तरी मुख्यतः स्वीडिश शब्दावरून आलं आहे. तिकडे क्रिटा म्हणजे खडू. क्रिटामध्ये ब्रशचा फटकारा कसा उमटेल याचा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो. तयार झालेलं चित्र पडद्यावर मांडणं, लहानमोठं करणं, कागद फिरवावा तसं फिरवणं, हे काम ग्राफिक्स कार्डाकडे जातं. त्यामुळे चित्र फिरवताना पूर्वी जे धक्के बसायचे ते गेले. मोठा ब्रश मात्र जितका अडायचा तितकाच अडतो. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले'खाली कॅनव्हास ॲक्सिलरेशनची खूण चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

मग कार्ड म्हणजे चित्रकला, हा समज आला कुठून? आम्हाला वाटतं, तो जुन्या दिवसांतला आहे आणि तेव्हा तो बरोबरच होता. विंडोजबरोबर 'पेंट' १९८५ पासून येतं आहे. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए पद्धतीत ६४० गुणिले ४८० ठिपके आणि एका वेळी १६ रंग मिळत. ३२० गुणिले २०० वर उतरलात, तर २५६ रंग. किती रंग दिसणार हे तेव्हा कार्डच ठरवायचं. आमच्यापैकी काहींनी त्या १६ रंगांत माउसने गणपती काढले आहेत; सोंड नेहमी पायऱ्यापायऱ्यांची दिसायची. आज साध्यातला साधा संगणकही सुमारे १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो. अडचण आता दुसरीकडे आहे.

ती कुठे, हे आकड्यांत बघा. ए-४ मुखपृष्ठ ३०० डीपीआयवर उघडलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका पूर्ण भरलेल्या थराला ३५ एमबी. वीस थर केलेत की ७०० एमबी, आणि मागे जाण्यासाठी लागणारी जागा वेगळीच. हे सगळं रॅममध्ये राहतं. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयवर उघडला. ते झाले जवळजवळ ५२ कोटी ठिपके, एकेका थराला २ जीबी! संगणकाने मान टाकली आणि खापर फुटलं कार्डावर. दुरून बघायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय सहसा पुरतं. मग थर १२० एमबीत बसतो. तरी छापणाऱ्याला आधी विचारावं. शेवटी आम्ही रॅम ८ची १६ जीबी केली, आणि स्पष्ट सांगायचं तर कार्डापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हे आधी घेऊ.

कार्ड घ्यायचंच असेल तर एक सावधगिरी. आमचं आहे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. ते ७० वॅटवर चालतं, वीज स्लॉटमधूनच घेतं. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. जुन्या कॅबिनेटमध्ये ती नसते. नुसत्या नावावर जाऊ नका.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. आपले एक काका आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. देवळालीकर गुरुजींची चित्रशाळा, बेंद्रे, हुसेन अशा इंदूरच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकाव्यात. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी मखराची चित्रं सोडली होती. ब्रश पुढे केला की म्हणायचे, "आता नको रे, रेघ ऐकत नाही." क्रिटामध्ये स्टॅबिलायझर नावाची सोय आहे. पेनाच्या मागच्या काही बिंदूंची सरासरी काढून ते रेघ ओढतं, त्यामुळे बारीक थरथर गळून जाते. त्याची किंमत अशी की रेघ हातामागे थोडी रेंगाळते आणि तीक्ष्ण कोपरे गोल होतात. त्यात पडदाही अडखळत असेल तर काम करवत नाही. जुन्या अवस्थेत काकांनी दोन मिनिटांत पेन ठेवलं होतं. नव्या मांडणीत ते पाऊण तास बसले. लक्ष्मीच्या भुवया स्टॅबिलायझर लावून काढल्या, पदराची छटा मात्र तो बंद करून. "तिथे हात हलला तरी चालतं," म्हणाले.

रांगोळीच्या किनारीसाठी मल्टिब्रश वापरलं. एक पाकळी काढली की बाकीच्या सात आपोआप उमटतात. काकांना ते आवडलं नाही. सगळ्या पाकळ्या सारख्या कशा, असं म्हणत त्यांनी दोन पुसून हाताने काढल्या.

अक्षरांचं एक राहिलं. चित्राच्या काही सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. आम्ही चित्र क्रिटात करतो आणि मजकूर मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये युनिकोड फॉण्टने लिहितो. इथे आपल्यासारख्यांना आणखी एक अडचण येते. इंदुरात बहुतेक फॉण्ट हिंदी वळणाचे, त्यामुळे 'ल' आणि 'श' हिंदी पद्धतीचे छापले जातात. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी 'ल' येतो. गेल्या वर्षीच्या मुखपृष्ठावर हिंदी 'ल' गेला होता आणि तीन आजींनी तो पकडला होता.

छपाईला देण्याआधी एक नमुना प्रत जरूर काढा. पडद्यावरचा केशरी कागदावर हमखास मळकट होतो. आमचा पहिला नमुना विटकरी आला आणि काका पुन्हा रंग ठरवायला बसले आहेत. तेवढं झालं की मुखपृष्ठ इथे लावतो.