डिझेलचा रिकामा ड्रम आणि आपले कारागीर

रावेर-यावलच्या केळीबागांपासून शिरपूर-शिंदखेड्याच्या कापसापर्यंत खानदेशची शेती आज ट्रॅक्टरवर चालते. पेरणीच्या दिवसांत दर वेळी पंपावर जाण्यास सवड नसते, म्हणून अनेक शेतकरी डिझेलचा ड्रम शेतावरच ठेवतात. हा ड्रम, त्याचा स्टँड, नळी, हातपंप आणि टाकी पुरविणारे पुष्कळदा आपलेच दुकानदार, भंगारवाले, वेल्डर आणि गॅरेजवाले असतात. त्यामुळे या विषयात आपला धंदा आहे, तशी जिवाची जोखीमही आहे.

पेट्रोल पेटते, डिझेल सहजासहजी पेटत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. थंड मुलखात तो बराचसा खरा आहे. ज्या तपमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते ते भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच ४४-४५ अंश होतात आणि उन्हातला लोखंडी ड्रम त्याहून तापतो. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे डिझेलही पेट्रोलइतक्याच सावधगिरीने हाताळले पाहिजे.

त्यातही रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट. भरलेल्या ड्रमात वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात तळाशी पेलाभर डिझेल उरते आणि वर वाफ व हवा मिसळून राहते. असा ड्रम कापण्यासाठी गॅस कटर लावला की तो फुटून पत्रा उडतो. नुसता एकदा धुऊन काम भागत नाही, कारण सांध्यात अडकलेले तेल ज्योतीच्या उष्णतेने पुन्हा वाफ धरते. शक्यतो वापरलेला ड्रम कापू-जोडूच नये. अगदीच करावे लागले तर दोन्ही झाकणे काढून, आतून अनेकदा धुऊन, जोडायच्या जागेच्या जवळपर्यंत पाणी भरावे आणि तोंड उघडे ठेवावे. पोरासोरांना जवळ उभे करू नये.

नवी टाकी बनविताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आतून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये. डिझेलशी जस्ताची क्रिया होऊन तयार होणारा चिकट गाळ फिल्टर व नोझल बिघडवतो. टाकी किंचित कलती ठेवून सर्वात खालच्या जागी गाळ-पाणी काढण्याचा कॉक द्यावा आणि डिझेल घेण्याची नळी तळापासून दोन-तीन इंच वर असावी. रात्रीच्या गारव्यात अर्धवट टाकीत हवेतील दमट वाफ थिजून पाणी होते. ते तळाशी बसते. २०० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर सुमारे ३ लिटरांनी फुगते, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. ती सावलीत, कडबा व कापसाच्या गंजीपासून दूर ठेवावी.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाला सांगता आली पाहिजे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याविना ठेवता येते, मात्र कोणतेही भांडे १,००० लिटरांपेक्षा मोठे असता कामा नये. कोणी दीड हजार लिटरची टाकी मागितली तर आधी परवान्याचे विचारावे. या विषयाचे केंद्रीय खाते, पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, हिचे मुख्यालय नागपूरलाच आहे. ही सवलत साठवणुकीची आहे, शेजाऱ्यांना डिझेल विकण्याची नव्हे.

उरला खर्च. ठिबकणारा कॉक रोज लिटरभराहून अधिक डिझेल मातीत घालवू शकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारे बीएस-६ डिझेल व नवी इंजिने घाण-पाणी सोसत नाहीत. जो दुकानदार हातपंपासोबत चांगला फिल्टर देईल, आणि आणलेले व ट्रॅक्टरमध्ये भरलेले डिझेल रोज वहीत मांडा असे सांगेल, त्याचे गिऱ्हाईक फिरून त्याच्याकडेच येईल. आणि जो कारागीर घाईच्या गिऱ्हाइकालाही, "हा ड्रम मी कापणार नाही," असे ठणकावून सांगेल, तो दहा रुपये गमावील, पण संध्याकाळी हातीपायी धड घरी जाईल.