अकरा जमले तर

फुटबॉलच्या नियमपुस्तकातला तिसरा नियम मला पाठ आहे. एका संघात जास्तीत जास्त अकरा खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. आणि कुठल्याही संघात सातपेक्षा कमी असतील तर सामना सुरू होत नाही. मोठ्या कॉलेजांतल्या पोरांना यातला पहिला अर्धाच ठाऊक असतो. दुसऱ्या अर्ध्याशी गाठ आमच्यासारख्यांची.

आम्ही एकदा नऊ जण खेळलो. कॉलेज लहान, शनिवार पेठेतल्या माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. नाव सांगत नाही. सांगितलं तर स्कोअरही सांगावा लागेल. दहावा मुलगा ओळखपत्र घरी विसरला म्हणून रेषेबाहेर बसून होता. अकरावा, म्हणजे आमचा लेफ्ट विंगर, त्या वेळी नदीपात्रात ताशा वाजवत होता. गणपती दहा दिवसांवर आले होते. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. ढोल-ताशा पथकात हजेरी लागते, सरावाला दांड्या मारल्या की मिरवणुकीतून नाव कापतात. आमच्या संघातून नाव कापायचं तर त्या जागी लिहायला दुसरं नाव हवं ना!

लहान कॉलेजचा फुटबॉल संघ ही पुण्यातली एक चिवट आणि बिनकौतुकाची संस्था आहे. तिला कार्यालय नसतं, कपाट असतं. आमचं जिमखान्याच्या खोलीत कॅरमच्या बोर्डांमागे होतं, आणि त्याचं दार उघडायला खालच्या कोपऱ्यात गुडघा मारावा लागे. आत चार चेंडू, त्यातले दोन रात्रीतून बसणारे. एक हातपंप. त्याची पिन कायम हरवलेली, आणि सापडली की ती थुंकी लावूनच चेंडूत घालायची, कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो. जर्सी एक ते सोळा नंबरांच्या, पण सात नंबर गायब. पास होऊन जाणारा प्रत्येक जण सात नंबरच घरी नेतो. गोलकीपरचे हातमोजे एकच जोड, डाव्या तळव्याचं रबर सोललेलं, त्यामुळे आमचा गोली डावीकडचा चेंडू पकडण्याऐवजी बुक्कीने मारायचा. वर्षानुवर्षं हेच मोजे वापरल्यामुळे आमच्या कॉलेजची ती शैलीच झाली. तळाला फक्कीची अर्धी गोणी, पावसात ओली होऊन दगड झालेली.

कपाटाची किल्ली सरांकडे. सर म्हणजे क्रीडा संचालक, बुद्धिबळापासून वेटलिफ्टिंगपर्यंत सगळ्याचे एकटेच. जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत ते मुलांच्या पोटऱ्या बघत फिरायचे.

“फुटबॉल खेळलायस का कधी?”

“नाही सर, क्रिकेट.”

“पळता येतं ना? उद्या दोन फोटो घेऊन ये.”

हे दोन फोटो महत्त्वाचे. पात्रतेच्या अर्जावर फोटो, गुणपत्रिका, प्राचार्यांची सही, शिक्का. एकेका खेळाडूमागे केवढा तरी कागद. सरांचा सगळा ऑगस्ट यातच जायचा. डावपेच वगैरे त्यांनी शिकवले नाहीत असं नाही, पण ते स्टेपलर मारता मारता.

आता या खेळाचा सांगाडा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्पर्धा आधी विभागवार होतात: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. मग आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ‘कलर’ मिळतो, ब्लेझर मिळतो, घरात आयुष्यभर दाखवायला काहीतरी होतं. चढण सरळ आहे. भानगड पहिल्याच पायरीवर आहे. विभागीय फेरी बहुधा बाद पद्धतीची असते. हरलात की घरी. लहान कॉलेजच्या वाट्याला ‘ड्रॉ’मध्ये पहिल्याच दिवशी एखादं बलाढ्य कॉलेज आलं, की जूनपासूनचे अर्ज, फोटो, सकाळचं उठणं, आईने धुतलेली जर्सी, सगळं एका दुपारी आटोपतं. मी तीन वर्षं कॉलेजसाठी खेळलो आणि अधिकृत सामने खेळलो चार. एका वर्षी आम्ही पहिली फेरी जिंकलो होतो. समोरचे आलेच नव्हते.

चार सामन्यांत कुणी खेळ शिकत नाही. हरण्याचं दुःख नाही, फुटबॉलमध्ये कुणीतरी हरतंच. पण हरून शिकायला पुढचा रविवार लागतो. आमचा पुढचा रविवार पुढच्या वर्षी यायचा, आणि तोवर अकरातले सहा जण पदवी घेऊन गेलेले असायचे.

मैदान हा दुसरा जाच. नियमाप्रमाणे फुटबॉलचं मैदान लांबीला ९० ते १२० मीटर आणि रुंदीला ४५ ते ९० मीटर. एवढी सलग मोकळी जागा शनिवारात शोधायची तर शनिवारवाड्याच्या तटाच्या आत जावं लागेल, आणि तिथे पुरातत्त्व खातं कॉर्नर किक मारू देणार नाही. पेठेत शाळांची पटांगणं आहेत, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप. गल्लीत आम्ही खेळलो ते रबरी चेंडूने, गोल म्हणजे दोन स्कूटरींमधली फट. त्यामुळे पेठेतला मुलगा चेंडू पायाशी छान ठेवतो, जागेवर वळतो, दोघांना चकवतो. आणि खऱ्या मैदानावर चाळीस मीटरचा पास द्यायची वेळ आली की त्याला ते अंतरच डोळ्यांत मावत नाही.

शिक्षण पेठेत जन्मलं आणि जागेसाठी नदीपलीकडे गेलं, हे पुण्याचं जुनंच आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं. त्याची रमणबाग शाळा आजही शनिवारात आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, आणि दुसऱ्याच वर्षी सुरू झालेल्या फर्ग्युसन कॉलेजचे पहिले वर्ग पेठेतल्या गद्रे वाड्यात भरले. १८९५ मध्ये कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी गेलं, आणि त्याला मैदान मिळालं. संस्थापकांपैकी टिळकांना याचं मोल नक्की कळलं असेल. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीत आणि पोहण्यात घालवलं होतं. आज असा मुलगा हजेरीअभावी परीक्षेला बसू शकणार नाही, आणि फुटबॉलच्या संघालाही मुकेल.

फुटबॉल मात्र पेठांतून नदीपलीकडे गेला नाही, कारण तो पेठांत आलाच नव्हता. १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली, आणि कॅम्प नि खडकी गोऱ्या पलटणींची झाली. जिथे पलटण तिथे फुटबॉल. मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ मध्ये सुरू झाला तोही असल्याच गोऱ्या संघांच्या जिवावर. पेठांनी आपला बाणा जपला: मल्लखांब, कुस्ती, आट्यापाट्या, खोखो. फुटबॉल हा कॅम्पातल्या पोरांचा खेळ, हे माझ्या लहानपणीही मोठी माणसं शेजारच्या घरातलं जेवण सांगावं तशा सुरात सांगायची. आजही पुण्यातला खेळाडू घडतो तो सेंट व्हिन्सेंट, बिशप्स, लॉयोलासारख्या शाळांत, नाहीतर खडकी-दापोडीच्या मोकळ्या जागांत. तिथला चांगला मुलगा बारावीनंतर मैदान, वसतिगृह आणि खेळाडूंचा कोटा असलेल्या कॉलेजात जातो. जायलाच हवं. आमच्या वाट्याला पोटऱ्या.

यावर “पैसा ओता, सगळं होईल” असं म्हणणारे भेटतात. त्यांनी पुण्याचाच अलीकडचा इतिहास आठवावा. पुणे फुटबॉल क्लब २००७ मध्ये निघाला, उद्योगसमूह पाठीशी, बालेवाडीचं स्टेडियम घरचं मैदान. २००९-१० च्या आय-लीगमध्ये तिसरा, २०१२-१३ मध्ये दुसरा. २०१५ मध्ये संघ गुंडाळला. भारत एफसी त्याच २०१४-१५ च्या एका हंगामापुरता आला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर. एफसी पुणे सिटी २०१४ ला इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, २०१७-१८ ला उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच वर्षांच्या आत चार क्लब. एवढ्या काळात आमच्या कॉलेजने मोजेसुद्धा बदलले नसतील, पण दर ऑगस्टला अर्ज भरला.

आता कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम: ही नावं पेठांची आणि गल्ल्यांची आहेत. जी तालीम गणपती बसवते तीच फुटबॉलचा संघ उतरवते. शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणसं जमतात, कामावर दांडी मारून. हुल्लडबाजी होते, दगडही पडतात, त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण तिथला पोरगा लीग खेळतो, लीग संपली की एका करंडकामागून दुसरा करंडक. एका हंगामात तो जितके सामने खेळतो तितके माझ्या कॉलेजच्या कप्तानाने तीन वर्षांत पाहिलेसुद्धा नाहीत. कॉलेजच्या संघात तो येतो तेव्हा आधीच तयार असतो.

मंडळं काय शनिवारात कमी आहेत? पोरं, वर्गणी, टेम्पो, जेवणाची सोय, रात्री दोनपर्यंत जागणारे कार्यकर्ते, सगळं आहे. शंभर माणसांकडून एका ठेक्यात ढोल वाजवून घेणाऱ्याला चौघांची बचावफळी सरळ रेषेत ठेवणं अवघड नाही. पथकावर माझा राग नाही, विसर्जनाला मीही लक्ष्मी रोडवर उभा असतो. पण त्या शिस्तीचा दहावा हिस्सा उरलेल्या अकरा महिन्यांत एखाद्या चेंडूमागे लावावा असं एकाही मंडळाला वाटू नये, याचं नवल वाटतं.

कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवचा रस्ताही ध्यानात घेण्यासारखा आहे. तो लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, मग पुणे एफसीच्या अकादमीत गेला, आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. बारावी पास होण्याच्या वयाआधीच सगळं घडलं. वर चढणाऱ्याच्या वाटेवर कॉलेज आता लागतच नाही. अकादम्या चौदाव्या वर्षी मुलं उचलतात. त्यामुळे कॉलेजचा फुटबॉल उरला तो ज्यांना कुणी उचललं नाही त्यांचा. मला तो त्याच कारणाने आवडतो, पण मग त्याची स्पर्धाही त्यांना सोसेल अशी हवी.

याचं एक उदाहरण फार लांबचं आहे, आणि तिथला फुटबॉलही वेगळा, हाताने धरायचा. अमेरिकेतलं शिकागो विद्यापीठ त्या खेळातलं एके काळचं बडं नाव. पुढे इतर विद्यापीठांपुढे टिकेना, तेव्हा त्यांनी १९३९ मध्ये संघच बंद केला. ओस पडलेल्या त्या स्टेडियमच्या प्रेक्षागृहाखाली स्क्वॉशच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली. मैदान मोकळं ठेवलं की लोक त्याचं काय करतील सांगता येत नाही! पण खरी गोष्ट पुढची आहे. १९६९ मध्ये शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला, आणि तो जुन्या धेंडांशी झुंजण्यासाठी नाही. १९७३ मध्ये तिकडे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांचा वेगळा तिसरा विभाग झाला, त्यात शिकागो खेळू लागलं. आपल्या तोलामोलाच्यांशी, दर आठवड्याला.

माझं मागणं इतकंच आहे. शहर विभागातल्या खालच्या वीस-बावीस कॉलेजांची एक साखळी स्पर्धा करा. प्रत्येकाला निदान सहा सामने मिळू देत. चषक नको, ब्लेझर नको. पेठेतल्या शाळांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी फाटक उघडं ठेवावं, लहान मैदानावर सात-सात जण खेळतील. आणि तारखा ठरवताना गणेशोत्सवाचं पंचांग समोर ठेवा, म्हणजे लेफ्ट विंगर मिळेल.

गेल्या पावसाळ्यात नवा पूल ओलांडून शिवाजीनगरच्या बाजूला सामने बघायला गेलो होतो. पूल शंभरी उलटलेला, नाव अजून नवा. चिखलात एका लहान कॉलेजची पोरं खेळत होती, चार गोलांनी मागे. रेषेबाहेर राखीव खेळाडू एकच, तो स्वेटशर्ट घालून बॅगा सांभाळत होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांच्या गोलीने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू पकडला. दोन्ही हातांनी. नवे मोजे होते. मी टाळ्या वाजवल्या तर त्या राखीव पोराने वळून विचारलं, “काका, तुम्ही कुणाचे पालक?”

कॉलेजांचे सामने पावसाळ्याच्या शेवटी असतात, दुपारच्या वेळी. तिकीट नाही. छत्री घेऊन या, आणि जमलंच तर चेंडूची एक पिन.