पायाखालचा फॉल

फॉल कलर्स म्हटले की आपण मान वर करून झाडे बघतो. अलास्कात डाल्टन हायवेवरची अ‍ॅटिगन खिंड ओलांडली की झाडच उरत नाही. तिथला फॉल पायाखाली असतो, तोही ऑगस्टअखेरीस!

नाशिकला भूगोल शिकवताना टुंड्राचा धडा शेवाळ आणि रेनडिअरवर आटोपायचा. या रंगांबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हते. बेअरबेरीची पाने कुंकवासारखी, विलोची हळदीसारखी, मध्ये बुटका बर्च शेंदरी. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरले की दिसू लागतो. लाल मात्र पान अखेरच्या दिवसांत नव्याने तयार करते. जाता जाता नटायची ही हौस मला फार आवडली.

सासूबाई गुडघे विसरून खाली बसल्या. "अगं, हे तर कासचं पठार!" खरेच, तिथे कातळावर जेमतेम माती, इथे कायम गोठलेल्या जमिनीवर उन्हाळ्यापुरता वितळणारा थर.

पण हा गालिचा बदलतो आहे. १९४०च्या दशकाअखेरीस विमानातून टिपलेली उत्तर अलास्काची छायाचित्रे पन्नासेक वर्षांनंतरच्या छायाचित्रांशेजारी ठेवली, तर झुडपे उंच, दाट झालेली दिसतात. हवा तापते आहे. झुडपांच्या सावलीत दगडफूल मागे पडते. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच ही भावकी, कॅरिबूंचे हिवाळ्यातले अन्न.

जाणार असाल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत जा, पुढे बर्फाचा भरवसा नाही. बूट पाणी न शिरणारे घ्या. गालिचा खालून ओला असतो.